शंकेची पाल

आपल्या भाषेत पाल दोन ठिकाणी राहते. एक भिंतीवर, दुसरी मनात. समोरचा माणूस काहीतरी ठामपणे सांगत असतो, आपण मान डोलवत असतो, आणि तेवढ्यात आत कुठेतरी शंकेची पाल चुकचुकते. ऐकायला सगळं बरोबर वाटतं, पण गणित बसत नाही.

गंमत अशी की भिंतीवरच्या पालीबद्दलच्या एका अगदी साध्या प्रश्नाचा इतिहास हा अशाच चुकचुकण्याचा इतिहास आहे. प्रश्न एवढाच: पाल छतावरून पडत का नाही?

माझ्या आजीच्या पंचांगात 'पल्लीपतन' नावाचा तक्ता असायचा. पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ मिळतं, डोक्यावर काय, खांद्यावर काय, बायकांना काय आणि पुरुषांना काय, असं सगळं नीट रकाने पाडून दिलेलं. लहानपणी मी तो तक्ता गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचायचे. आता वाटतं, पाल पडणं ही गोष्ट इतकी क्वचित घडत असणार, की ती घडली तर काहीतरी अर्थ असलाच पाहिजे असं लोकांना वाटलं. न पडण्यासाठी मात्र त्या तक्त्यात रकाना नव्हता. रोज घडणाऱ्या गोष्टीचं फळ कोण पाहणार?

पाल म्हटलं की मराठी माणसाला लगेच तिची थोरली बहीण आठवते. संस्कृतमध्ये घोरपडीला गोधा म्हणतात आणि पालीला गृहगोधिका, म्हणजे घरातली छोटी घोरपड. आणि घोरपड म्हटलं की ४ फेब्रुवारी १६७०, कोंढाणा, तानाजी मालुसरे आणि कड्यावर चढवलेली यशवंती. ही यशवंतीची कथा आख्यायिका मानली जाते, त्या वादात मी शिरत नाही. पण त्या कथेने आपल्या डोक्यात एक कल्पना पक्की बसवली आहे: घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही. खरं तर घोरपड चिकटत नाहीच. ती धरते. लांब, वाकड्या, दणकट नख्या ती कपारीत रोवते. तिला गुळगुळीत काचेवर उभं केलं तर रोवायला काही सापडणार नाही आणि तिचा सगळा पराक्रम घसरून खाली येईल.

पालीलाही नख्या असतात. पण ती काचेवर चढते. रात्री खिडकीच्या बाहेरच्या बाजूला पाल बसली असेल तर आतून तिचे पाय बघा. बोटांच्या खालच्या बाजूला आडव्या वळ्या दिसतील, जुन्या शहाबादी पायऱ्यांसारख्या एकापुढे एक. या वळ्यांमध्ये काय चाललं आहे, एवढं शोधायला माणसाला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली.

पालीच्या उलट्या चालीची अगदी जुनी नोंद ॲरिस्टॉटलची आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात प्राण्यांवरच्या मोठ्या ग्रंथात सुतारपक्ष्याबद्दल लिहिताना त्याने जाता जाता म्हटलं की हा पक्षी खोडावर डोकं खाली करूनही पळतो, पालीसारखा. पाल हे त्याचं उदाहरण होतं, प्रश्न नव्हता. वाचकाला ते माहीतच आहे असं त्याने धरलं आणि तो पुढे गेला. पुढची कित्येक शतकं सगळेच तसे पुढे गेले.

प्रश्न म्हणून तो नीट विचारला गेला १८१६ साली, लंडनमध्ये. आणि त्याची सुरुवात झाली चुन्याच्या भिंतीपासून. कॅप्टन कुकबरोबर जगप्रवासाला गेलेले निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स १७७० मध्ये जावा बेटावरच्या बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, थांबले होते. जावातल्या पाली संध्याकाळी घरांच्या छपरांतून बाहेर येतात आणि घोटून गुळगुळीत केलेल्या 'चुनम'च्या भिंतींवरून खाली उतरत माश्या टिपतात, ही गोष्ट त्यांनी एव्हरार्ड होम नावाच्या शल्यविशारदाला सांगितली. 'चुनम' हा शब्द इंग्रजांनी आपल्या दक्षिणेतून उचललेला, आपला चुनाच तो. होमने पालीचा पाय कापून भिंगाखाली पाहिला, फ्रान्झ बाउअर या नामांकित चित्रकाराकडून त्याची चित्रं काढून घेतली आणि रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. त्याचं उत्तर: शोषण. बोटांखालच्या खाचा उघडतात, आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा पाय भिंतीवर दाबून धरते. गाडीच्या काचेला मोबाइल होल्डर चिकटवतो ना आपण, रबरी वाटी दाबून, तसंच.

होमबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याचे मेव्हणे जॉन हंटर हे त्या काळातले थोर शरीरशास्त्रज्ञ. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची हस्तलिखितं होमच्या ताब्यात आली. होम निबंधांमागून निबंध प्रसिद्ध करत राहिला आणि १८२३ मध्ये त्याने ती हस्तलिखितं जाळून टाकली. त्याच्या नावावरचं नेमकं किती त्याचं आणि किती मेव्हण्याचं, ही पाल तेव्हापासून चुकचुकतेच आहे. त्याचं पालीबद्दलचं उत्तर मात्र चुकलं, आणि तरीही ते शंभरएक वर्षं टिकलं. ऐकायला ते फारच सोपं होतं. आजही कुणाला विचारा, दहातले सहा जण 'सक्शन' म्हणतील.

डिंकाची शंका लवकर निकालात निघाली. पालीच्या बोटांत चिकट द्रव सोडणाऱ्या ग्रंथीच सापडल्या नाहीत. (हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.) १८७२ च्या सुमाराला कार्टिए यांनी पालींच्या त्वचेचा बारकाईने अभ्यास करून जर्मनमध्ये लिहिलं. त्या काळातल्या अशा अभ्यासांमधून एक नवीच गोष्ट पुढे आली: बोटांखालच्या वळ्या गुळगुळीत नाहीत, त्यांवर अतिशय बारीक केसांचं दाट रान आहे. केस म्हणजे आपल्यासारखे मुळातून उगवणारे नव्हेत, तर त्वचेच्या वरच्या थराचेच, आपली नखं ज्या प्रकारच्या प्रथिनाची असतात तशा प्रथिनाचे उंचवटे. आता प्रश्न बदलला. पाल कशी चिकटते, याऐवजी तिचे केस कसे चिकटतात?

आणि इथे या गोष्टीतला मला सर्वांत चटका लावणारा माणूस येतो. १९०० साली हासे नावाच्या जर्मन अभ्यासकाने पालीच्या पायाचं नीट निरीक्षण करून दोन गोष्टी लिहिल्या. पहिली, पाय एकाच दिशेने ओढला तर पकडतो, बोटाच्या टोकाकडून अंगाकडे. उलट दिशेने नाही. आणि जितका भार जास्त, तितकी पकड घट्ट. दुसरी, यामागे पायाच्या आणि भिंतीच्या रेणूंमधलंच आकर्षण असावं, आणि तसं असेल तर दोन्हींमधलं अंतर जितकं कमी होईल तितकं ते वाढायला हवं. झालं. उत्तर आलं. आपण आज जे मानतो ते जवळजवळ सगळं या दोन मुद्द्यांत आहे.

पण ते सिद्ध करायला हासेकडे काहीही नव्हतं. रेणू खरोखर असतात की ती हिशेबाची सोय आहे, यावर तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ अजून भांडत होते. हासेचं म्हणणं इतर अंदाजांच्या रांगेत एक अंदाज म्हणून उभं राहिलं आणि रांग पुढे सरकत राहिली.

१९०४ मध्ये श्मिट यांनी स्थिर विद्युतभाराची कल्पना मांडली. फुगा केसांवर घासला की भिंतीला चिकटतो, तसं काहीतरी. १९२३ मध्ये ही रांग चक्क कलकत्त्याला आली.

सुंदर लाल होरा हे नाव माशांवर काम करणाऱ्यांबाहेर आज फारसं कुणाला माहीत नाही. पंजाबात जन्मलेले होरा तेव्हा जेमतेम पंचविशी ओलांडलेले होते आणि कलकत्त्यात झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात काम करत होते. पुढे ते याच संस्थेचे संचालक झाले. मलेशियाकडचे मासे सह्याद्रीच्या ओढ्यांमध्ये कसे, याचं उत्तर म्हणून 'ते सातपुड्याच्या रांगेने आले' हा प्रसिद्ध सिद्धांत मांडणारेही हेच. त्यांचा मूळ ध्यास होता डोंगरातल्या खळाळत्या ओढ्यांमधल्या माशांचा. एवढ्या जोराच्या प्रवाहात हे मासे दगडाला धरून राहतात कसे? धरून राहण्याच्या या ओढीतून ते पालीकडे आणि झाडावरच्या बेडकांकडे वळले आणि एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात त्यांच्या बोटांवर निबंध लिहिला. पालीबद्दल त्यांचं उत्तर होतं घर्षण. त्या अगणित केसांमुळे पाय घसरत नाही.

हे उत्तर निम्मं बरोबर होतं, आणि निम्म्या बरोबर उत्तरांची अडचण नेहमीचीच. घर्षण व्हायला दोन वस्तू एकमेकींवर दाबल्या जायला हव्यात. छताला उलट्या लटकलेल्या पालीला छतावर दाबणार कोण? गुरुत्वाकर्षण तर तिला खाली ओढतंय. तरी परदेशातल्या आजच्या शोधनिबंधांच्या सुरुवातीला, जिथे जुन्या अंदाजांची यादी असते, तिथे 'होरा १९२३' हे दोन शब्द अजून येतात. ते पाहिलं की मला उगाच बरं वाटतं. चुकणाऱ्यांच्या या चांगल्या पंगतीत आपलाही एक पाट आहे.

१९३४ मध्ये जर्मनीतल्या डेलिट यांनी मात्र अंदाजाऐवजी प्रयोग केले. हवा काढून टाकली तरी पालीच्या पायाची पकड सुटेना. म्हणजे होमचं शोषण गेलं. मग क्ष-किरणांचा मारा करून भोवतालची हवा भारित केली, म्हणजे पायावर स्थिर विद्युत असेलच तर ती निघून जाईल. तरी पकड कायम. श्मिटही गेले. एका अभ्यासात दोन कल्पना निकालात. आणि मग डेलिट यांनी स्वतःचं उत्तर दिलं: केसांची टोकं भिंतीच्या बारीक खडबडीतपणात आकड्यासारखी अडकतात. म्हणजे फिरून घोरपडच, फक्त लहान.

या सगळ्या माणसांना हसू नये. त्यांची खरी अडचण बुद्धीची नव्हती, प्रकाशाची होती. साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही, कारण खुद्द प्रकाशाची लहरच त्याहून जाड असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पालीने आपलं गुपित नेमकं या रेषेवर ठेवलं होतं. केस दिसत होते. केसांची टोकं दिसत नव्हती.

ती दिसली १९६५ मध्ये. कॅलिफोर्नियात रुइबाल आणि अर्न्स्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर प्रत्येक केस टोकाशी फाटत गेलेला. एका केसाचे शेकडो उपकेस, आणि प्रत्येक उपकेसाचं टोक चपटं, त्रिकोणी. त्यांनी त्याला नाव दिलं 'स्पॅच्युला'. म्हणजे आपलं उलथनं. टोके जातीच्या पालीचा एक केस आपल्या केसाच्या दहाव्या भागाएवढा बारीक असतो, आणि अशा प्रत्येक केसावर शेकडो उलथनी, रुंदीला ०.२ मायक्रॉनच्या आसपास. सगळ्या पायांचा हिशेब केला तर केसच साधारण ६५ लाख. उलथन्यांचा गुणाकार तुम्ही करा.

आकडे अडकवायचे तर टोकं अणकुचीदार हवीत. चपटी कशाला? तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, उवे हिलर या जर्मन संशोधकाने या शंकेला धार लावली. त्याने पाली वेगवेगळ्या पदार्थांवर ठेवून पकड मोजली. काही पृष्ठभागांवर पाणी टाकलं की पसरतं, काहींवर थेंब गोल राहून घरंगळतात. हिलरला दिसलं की पाण्याचं जसं, साधारण तसंच पालीचं. पाणी जिथे पसरतं तिथे पकड घट्ट, पाणी जिथे घरंगळतं तिथे सैल. आणि टेफ्लॉनवर पालीचा निभाव लागेना. हो, तेच ते नॉनस्टिक तव्यावरचं. डोसा चिकटत नाही, तशी पालही नाही.

हा निकाल दिसतो त्याहून मोठा आहे. शोषणाला किंवा आकड्यांना पदार्थ कोणता याच्याशी काय देणंघेणं? गुळगुळीत आहे की खडबडीत, एवढंच त्यांना पुरतं. पालीची पकड जर पदार्थानुसार बदलत असेल, तर खेळ पृष्ठभागाच्या आकाराचा नसून त्याच्या रेणूंचा आहे. ६८ वर्षांनी हासेचं म्हणणं पुन्हा दाराशी आलं.

दरम्यान रेणूंची बाजू सांगणारं शास्त्र तयार झालं होतं, पण पालीशी काही संबंध नसलेल्या लोकांकडून. योहानेस व्हान डर वाल्स हा हॉलंडमधल्या सुताराचा मुलगा, आधी शाळामास्तर. १८७३ मध्ये त्याने आपल्या प्रबंधात दाखवलं की वायू आणि द्रव जसे वागतात ते समजायचं तर रेणू एकमेकांना हलकेच ओढतात असं मानावं लागतं. १९१० मध्ये त्याला नोबेल मिळालं. हे ओढणं येतं कुठून, हे फ्रिट्झ लंडन याने १९३० मध्ये पुंजभौतिकीने उलगडलं. अणूभोवतीचा इलेक्ट्रॉनचा ढग स्थिर नसतो, क्षणभर एका बाजूला कलतो. तो कलला की शेजारच्या अणूचा ढगही त्याला जुळवून कलतो. त्या क्षणापुरतं दोघांमध्ये आकर्षण. हे कुठल्याही दोन वस्तूंमध्ये असतं. तुमच्या हातात आणि फोनमध्ये, फोनमध्ये आणि टेबलात.

मग सगळं सगळ्याला का चिकटून बसत नाही? कारण हे आकर्षण काही नॅनोमीटरच्या पलीकडे जवळजवळ उरतच नाही, आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचाही हजारावा भाग. आपल्याला गुळगुळीत वाटणाऱ्या वस्तू त्या मापाने डोंगरदऱ्या असतात. सह्याद्री उचलून सातपुड्यावर उलटा ठेवला तर टेकतील किती? चारदोन सुळके. टेबलावरचा फोन तसाच चारदोन सुळक्यांवर टेकलेला असतो. पालीची करामत एवढीच की तिने डोंगराचे लाखो लवचीक केस केले आणि केसांची उलथनी. प्रत्येक उलथनं आपापल्या दरीत उतरतं आणि तिथे सपाट टेकतं.

हे सगळं १९६८ नंतर कुणीही मांडू शकलं असतं, आणि काहींनी मांडलंही. पण मोजलं नव्हतं. शिवाय दुसरा संशयित अजून मोकळा होता: पाणी. हवेतल्या दमटपणामुळे बहुतेक पृष्ठभागांवर पाण्याचा अतिपातळ थर असतो. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींना कशा घट्ट बसतात, पाहिलंय ना? हिलरचा निकाल त्यालाही लागू पडत होता. पाणी पसरतं तिथे पकड घट्ट, मग पाणीच पकडत असेल!

मोजलं ते २००० साली. अमेरिकेत केलर ऑटम, रॉबर्ट फुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोके पालीच्या पायावरचा एक केस, एकच, वेगळा काढून अतिसूक्ष्म बलमापकावर टेकवला. आणि तो चिकटेना. जगातली सर्वांत चांगली पकड म्हणून ज्याची ख्याती, तो केस मेलेल्या गवताच्या काडीसारखा. ते पुन्हा पालीकडे गेले, ती पाऊल कसं टाकते ते पाहिलं. पाल आधी पाय किंचित दाबते, मग किंचित मागे ओढते. त्यांनी केस आधी दाबला, मग मागे ओढला, अवघा ५ मायक्रॉन. केसाने पकडलं, आणि असं पकडलं की अंदाजाच्या दहापट जोर निघाला. साधारण २०० मायक्रोन्यूटन, म्हणजे एक केस एक मुंगी उचलेल. सगळे ६५ लाख केस एकदम कामाला लागले तर १३० किलोच्या आसपास. आणि टोकेचं स्वतःचं वजन फार तर काही छटाक.

एकाच दिशेने ओढल्यावर पकडतो. हासे, १९००.

खरी नवलाई मला पकडीपेक्षा सुटण्यात वाटते. एवढं घट्ट चिकटणारा प्राणी सेकंदाला एक मीटर या वेगाने धावतो कसा? त्याच प्रयोगात ते दिसलं. केसाचा पृष्ठभागाशी असलेला कोन ३० अंशांच्या पुढे गेला की तो आपोआप सुटतो, काही जोर न लावता. म्हणून पाल पाऊल उचलताना बोटं टोकाकडून वर, उलटी गुंडाळते. आपली बोटं तशी वळतच नाहीत. सेलोटेप सोलावी तसं, पण सेकंदाच्या काही शंभराव्या भागात. सेलोटेप नेहमीच चिकट असते, म्हणून तिला धूळ लागते आणि ती स्वतःलाच चिकटते. पालीचा पाय मुळात चिकट नसतो. दाबून ओढला तरच चिकट होतो.

दोन वर्षांनी याच गटाने पाण्याचा निकाल लावला. त्यांनी दोन पृष्ठभाग घेतले, एक पाण्याला जवळ करणारा, दुसरा गॅलियम आर्सेनाइडचा, पाणी झटकणारा. रेणूंच्या आकर्षणाच्या दृष्टीने मात्र दोन्ही सारखेच दमदार. पाणी पकडत असेल तर दुसऱ्यावर पाय सुटायला हवा. तो दोन्हींवर सारखाच बसला. मग सर्वांनी पाठ्यपुस्तकात लिहिलं: व्हान डर वाल्स बल. गोष्ट संपली.

पण पाल चुकचुकली. २००५ मध्ये जर्मनीतल्या हुबर आणि सहकाऱ्यांनी एकेका उलथन्याचा जोर मोजला आणि हवेतला दमटपणा वाढला की जोर वाढतो असं दाखवलं. पाणी परत आलं. मग इतरांनी म्हटलं, पाणी चिकटवत नाही, दमट हवेत केस मऊ पडतात आणि अधिक नीट टेकतात. म्हणजे पाणी आहे, पण मागच्या दाराने. आणि प्रत्यक्ष ओल्या काचेवर, पाय भिजलेले असताना, पालीची पकड उलट ढिली पडते. २०१२ मध्ये आणखी मजा झाली. पाल चालून गेल्यावर काचेवर तिची पावलं उमटतात आणि त्यांत स्निग्ध पदार्थ असतो, असं सापडलं. ग्रंथी नाहीत म्हणून आपण डिंकाला कधीच हाकलून दिलं होतं, आठवतं? तो डिंक नाही, पण कोरडा म्हणवणारा पाय अगदी कोरडाही नाही. आणि २०१४ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी पालीच्या पायावर चालताना येणारा विद्युतभार मोजला आणि म्हटलं की पकडीत मोठा वाटा याचाच आहे. श्मिट, १९०४! हा दावा सगळ्यांनी मान्य केलेला नाही आणि व्हान डर वाल्सचं पारडं अजून जड आहे. पण मेलेले म्हणून सोडलेले सिद्धांत एकेक करून उठून बसत होते.

मेल्यावरून आठवलं. त्याच २०१४ मध्ये पालीचा जीव गेल्यावरही तिचा पाय तितक्याच जोराने चिकटतो असं कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात दिसलं, रुइबाल जिथे काम करत त्याच विद्यापीठात. म्हणजे चिकटायला पालीची इच्छा लागत नाही. सुटायला लागते.

एवढं कळल्यावर माणूस स्वतः भिंतीवर चढायला निघणारच. २००३ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम यांच्या गटाने प्लॅस्टिकवर केसांचं बारीक रान तयार करून 'पालीची टेप' बनवली आणि तिच्यावर खेळण्यातला स्पायडरमॅन लटकवून फोटो काढला. काही वेळा चिकटवून काढल्यावर केस एकमेकांनाच चिकटून बसत आणि टेप निकामी होई. पुढच्याच वर्षी गाइम यांनी साध्या सेलोटेपने पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलत ग्राफीन वेगळं केलं आणि २०१० मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. पालीची टेप हरली, दुकानातली जिंकली. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हातात पालीच्या तत्त्वावरच्या थापी घेऊन ७० किलोचा माणूस उभ्या काचेवर ३.६ मीटर चढवला. आणि २०१६ मध्ये केंब्रिजच्या अभ्यासकांनी कोळ्यापासून पालीपर्यंत सगळ्यांच्या तळव्यांचा हिशेब मांडून सांगितलं की माणसाला पालीसारखं चालायचं तर अंगाचा ४० टक्के पृष्ठभाग चिकट पाहिजे. प्राणी मोठा होतो तसं वजन झपाट्याने वाढतं, तळवा त्या वेगाने वाढत नाही. टोकेसारख्या पाली त्या मर्यादेच्या जवळपास पोचल्या आहेत. कड्यावर माणूस चढवायचा तर नख्याच हव्यात, तेव्हा घोरपडीची निवड करणाऱ्या त्या कथाकाराला दाद द्यायला हवी.

ज्या टोकेच्या पायावर एवढं शास्त्र उभं राहिलं, ती आपल्या ईशान्य भारतातही राहते. रात्री 'टो-के' असं ओरडते, त्यावरून नाव. औषधी म्हणून, अगदी एड्सवरचं औषध म्हणूनसुद्धा, खोट्या समजुतीपोटी तिची इतकी तस्करी झाली की २०१९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत घ्यावं लागलं.

पकडीचे बहुतेक प्रयोग या टोकेवरच झाले आहेत, प्रयोगशाळेतल्या स्वच्छ काचेवर, मोजून ठेवलेल्या दमट हवेत. मी हे लिहितेय ते जुलैत. भिंतीला ओल आली आहे, रंगाचे पोपडे निघालेत, ट्यूबलाइटभोवती पाखरं जमली आहेत. तिच्या मागची आमची पाल टोकेच्या मानाने अगदी किरकोळ. आत्ता ती छतावर आहे, पोपडा सुटत आलेल्या जागेपासून दोन बोटं दूर. तिने पुढचा उजवा पाय उचलला, बोटं उलटी गुंडाळली, थांबली, आणि पोपड्याला वळसा घालून पाखराकडे गेली.